परत येईल म्हणणारी बाई

माझ्या मावशीचा आवाज आमच्या घरात मावत नसे. तिने स्वयंपाकघरातून नुसतं "जेवायला चला" म्हटलं तरी जगबुडीची सूचना आल्यासारखं वाटायचं. वडील हात जोडून म्हणायचे, "ताई, ताटं वाढलीत एवढंच सांगा. विश्वाचा अंत जेवणानंतर."

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. काका अचानक गेले आणि ती आमच्या माडीवरच्या खोलीत राहायला आली. आधी ती टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती. पुढे गावात तारांगण उभं राहिलं, आणि तिथे आकाशाची माहिती सांगायला चांगल्या आवाजाचं माणूस हवं होतं, त्या जागेवर ती लागली. तिला ताऱ्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण संचालकांनी शिकवलं आणि ती शिकली. संचालक मजकूर लिहायचे, ती तो पाठ करायची आणि गोल घुमटाखाली, अंधारात, लाल दिव्याच्या छोट्या मेजाशी बसून माइकवर सांगायची. मध्यभागी दोन डोक्यांच्या राक्षसी मुंगीसारखं दिसणारं यंत्र हळूहळू फिरायचं आणि वर तारे उमटायचे. टेपवर आवाज भरून ठेवा, असं तिला कितीदा तरी सुचवलं गेलं. ती म्हणायची, "लोक समोर बसलेत आणि मी डब्यातून बोलू?"

कार्यक्रमाचा शेवट हा तिचा हुकमाचा एक्का होता. तोवर तिने सांगितलेलं असायचं की अब्जावधी ताऱ्यांचा एकेक पुंजका म्हणजे एकेक दीर्घिका, आणि अशा असंख्य दीर्घिका एकमेकींपासून दूर दूर चालल्या आहेत. मग ती थांबायची. तारे मंद व्हायचे. आणि ती म्हणायची, "पण प्रत्येक वस्तू दुसरीला आपल्याकडे ओढत असते. त्या ओढीने हे पळणं मंदावेल, थांबेल, माघारी वळेल. जे जे दूर गेलं, ते ते एके दिवशी परत येईल."

अंधारात सगळ्या सभागृहाचा सुस्कारा ऐकू यायचा. मी लहानपणी पुष्कळदा ऐकलाय. बाया डोळे पुसत बाहेर पडायच्या.

संचालकांच्या मजकुरात "कदाचित परत येईल" असं होतं. त्या काळी शास्त्रज्ञांनाही नक्की माहीत नव्हतं. ओढ पुरेशी असेल तर सगळं माघारी येईल, नसेल तर नाही. पण मावशीने पहिल्याच महिन्यात "कदाचित" गाळून टाकलं. "त्या शब्दाला लोक खुर्चीत चुळबुळ करायला लागतात," ती आईला म्हणाली होती. "वाक्य लंगडतं." संचालक कधी शेवटपर्यंत थांबत नसत, त्यामुळे त्यांना पत्ताच नव्हता.

तारांगणाच्या समोरच्या रस्त्यावर एक चष्म्याचं दुकान होतं. दुकानदार मध्यम वयाचे, सडपातळ, कमी बोलणारे. सगळे त्यांना चष्मेवालेच म्हणत. बायको मूल लहान असतानाच वारली होती आणि मुलाला त्यांनी एकट्याने वाढवलं होतं. मुलगा मोठा झाला आणि बापलेकांचं दुकानावरून वाजलं. मुलाला काचा घासत जन्म काढायचा नव्हता. बाप म्हणाला, "जा, कुठे जायचं ते जा. फिरून इथेच येशील." मुलगा गेला तो गेलाच.

हे मावशीला त्यांनी स्वतःच सांगितलं, तिचे डोळे तपासताना. तिच्या नाकावर ती जड गोल फ्रेम चढवून, एकेक भिंग सरकवत, "हे स्पष्ट की हे? आता?" असं विचारता विचारता मध्येच म्हणाले, "माझा मुलगा गेलाय घरातून." जणू तेही एक भिंगच होतं आणि त्यातून दिसतंय का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

मावशी म्हणाली, "रविवारी दुपारी या आमच्या तारांगणात. बसा जरा अंधारात. बरं वाटतं."

ते आले. आणि मग दर रविवारी यायला लागले. दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीत बसायचे. ताऱ्यांकडे फारसं बघतही नसत. डोळे मिटून ऐकायचे. एकदा कार्यक्रम संपल्यावर मेजाशी आले आणि त्यांनी हळूच विचारलं, "बाई, ते शेवटचं. ते खरं असतं ना?"

"शास्त्र आहे ते," मावशी म्हणाली. "शास्त्र काय खोटं सांगेल?"

अशी आणखी दोनेक वर्षं गेली. मी कॉलेजात असताना एक दिवस संचालकांनी मावशीला खोलीत बोलावून घेतलं. चेहरा उत्साहाने फुललेला. म्हणाले, "बाई, सगळं उलटंपालटं झालंय. नवा मजकूर पाठ करायला घ्या."

झालं होतं ते असं. खगोलशास्त्रज्ञांच्या दोन गटांनी फार दूरच्या, स्फोट होऊन उजळलेल्या ताऱ्यांचं तेज मोजलं होतं. विश्वाचं पसरणं किती मंदावलंय ते त्यांना बघायचं होतं. तारे अपेक्षेपेक्षा फिकट निघाले. म्हणजे असायला हवे होते त्याहून दूर होते. पसरणं मंदावत नव्हतंच. ते वाढत होतं. दीर्घिका नुसत्या पळत नव्हत्या, दिवसेंदिवस जास्त वेगाने पळत होत्या.

"पण कोण ढकलतंय त्यांना?" मावशीने विचारलं.

"तेच तर कुणाला माहीत नाही. कृष्ण ऊर्जा असं नाव दिलंय. दिसत नाही, हाताला लागत नाही. रिकाम्या जागेतच मुरलेली असावी असं म्हणतात. आणि जागा जितकी वाढेल तितकी तीही वाढते. विश्वातला मोठा वाटा तिचाच आहे."

"म्हणजे रिकामपणच ढकलतंय म्हणा की."

"अगदी तसंच नाही. पण लोकांना सांगायला वाईट नाही."

"आणि मग शेवट?"

"शेवटच तर बदललाय बाई. परत येणं नाही. दूरच्या दीर्घिका इतक्या लांब जातील की त्यांचा पुढचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचणारच नाही. जवळच्या तेवढ्या एकमेकींना धरून राहतील. बाकी आकाश काळं."

मावशी म्हणाली, "आठवडाभर जुनाच राहू द्या ना."

संचालक हसले. "बाई, विश्व थांबायला तयार नाही आणि तुम्ही मुदत मागताय?"

तिने नवा शेवट पाठ केला आणि शाळांसाठीच्या कार्यक्रमांत सांगितला. सुस्कारा आला नाही. दिवे लागल्यावर लोक मुकाट उठून गेले. रविवारी मात्र ती मेजाशी बसली, दाराजवळच्या खुर्चीत चष्मेवाले डोळे मिटून बसलेले तिला दिसले, आणि शेवट आला तेव्हा तिच्या तोंडून जुनंच वाक्य बाहेर पडलं. परत येईल. सभागृहाने सुस्कारा सोडला.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. यंत्र चालवणारे गृहस्थ मिश्कील होते. त्यांनी विचारलं, "बाई, रविवारी विश्वाला सुट्टी असते का हो? इतर दिवशी पळतं, रविवारी घरी येतं!"

ती हसली नाही. त्याच सुमारास तिला तो आवाज यायला लागला.

गोल घुमटाखाली आवाजाची एक गंमत असते. एका कडेला कुजबुजलेलं दुसऱ्या कडेला कानाशी ऐकू येतं, मधल्यांना पत्ताही लागत नाही. मावशीला हे ठाऊक होतं. तरी सकाळी सभागृह रिकामं असताना ती मेज पुसत उभी असली की पलीकडून कुणीतरी अगदी कानात म्हणायचं, परत येईल. आवाज तिचाच. वळून बघावं तर रिकाम्या खुर्च्यांच्या ओळी. तिने यंत्रवाल्यांना विचारलं, कुठे जुनी टेप लागली आहे का? ते म्हणाले, "बाई, तुम्हीच तर टेप करू दिली नाहीत कधी."

घरीही ती बदलली. बोलता बोलता थांबायची, मान तिरकी करून ऐकायची. आईने विचारलं, "काय गं?" तर म्हणायची, "कोण बोललं आत्ता?" आणि तिचा तो घरात न मावणारा आवाज असा खाली उतरला की जेवायला हाक मारलेली आम्हाला ऐकूच येईना. वडिलांनी थट्टा करणं सोडून दिलं.

शेवटी तिला सहन होईना. एका सकाळी चष्म्याची काडी सैल झाल्याचं निमित्त करून ती दुकानात गेली. ही हकीकत तिने मला पुढे कितीतरी वर्षांनी, एकदाच सांगितली.

चष्मेवाले बारीक स्क्रूड्रायव्हरने काडीचा स्क्रू आवळत होते. मावशी म्हणाली, "मी तुमच्याशी खोटं बोलतेय. काही परत येत नाही. आता सिद्ध झालंय. सगळं लांबच जातंय, आणि जास्त जोरात."

त्यांचा हात थांबला. "कधीपासून?"

"कळून बरेच महिने झाले. तुम्ही असलात की मी जुनंच सांगते."

"आणि त्याआधी? तेव्हा तर खरं होतं ना?"

मावशी म्हणाली, "तेव्हाही 'कदाचित' होतं. मी तो शब्द म्हणत नव्हते."

त्यांनी स्क्रू पूर्ण आवळला. मग चष्मा पुसून त्यांनी तिच्यासमोर ठेवला. म्हणाले, "माझा मेहुणा ट्रक चालवतो. तीनेक वर्षांपूर्वी येऊन म्हणाला होता की पोरगा दिसला. बंदराच्या गावात, माशांच्या शीतगृहात कामाला आहे. म्हणाला, चला, गाडीत बसा, घेऊन येऊ. मी म्हटलं, नको. येईल तो. त्याच रविवारी तुम्हाला विचारलं होतं मी, ते खरं असतं ना म्हणून."

तो रविवार मावशीला आठवत होता. आपण काय उत्तर दिलं तेही आठवत होतं.

"मला वाटलं, जे आपोआप येणार आहे त्याच्यामागे कशाला धावायचं?" ते म्हणाले. "पोरगं म्हणेल, बाप हरला." एवढं बोलून ते उठले आणि तिच्या देखत त्यांनी दुकानाचं शटर ओढलं.

ते मुलाला आणायला गेले. पुढच्या रविवारी दाराजवळची खुर्ची रिकामी होती. मावशीने खरा शेवट सांगितला. त्याच्याही पुढच्या रविवारी रिकामीच. शटर बंद. ज्यांचे चष्मे आत अडकले होते ते लोक येऊन कुलूप वाजवून जात.

एका दुपारी, कार्यक्रम नसताना, मावशी सभागृहात दिव्यांची तपासणी करत होती. अंधारात तिच्या कानाशी कुणीतरी म्हटलं, "बाई." तिला वाटलं, पुन्हा तोच भास. पण आवाज तिचा नव्हता. तिने दिवे लावले. पलीकडच्या कडेला चष्मेवाले बसले होते.

ती जवळ गेली. ते म्हणाले, "गेला तो. मी पोचायच्या पुष्कळ आधी. मेहुणा सांगून गेला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात. थंडीत काम, छातीत कफ झाला, अंगावर काढला. न्यूमोनिया म्हणाले."

मावशी शेजारच्या खुर्चीत बसली.

त्यांनी खिशातून एक चष्मा काढला. मुलाच्या घरमालकिणीने जपून ठेवला होता. साधी काळी फ्रेम, एका काडीला दोरा गुंडाळलेला. "बघा," ते म्हणाले. "नंबर वाढलाय त्याचा. माझ्याकडून गेला तेव्हा कमी होता. तिकडे कुणीतरी त्याचे डोळे तपासले. कुणीतरी विचारलं असेल त्याला, हे स्पष्ट की हे." त्यांनी काचेवरून अंगठा फिरवला. "डावीकडची काच नीट बसवलेली नाही हो. केंद्र चुकलंय. डोकं दुखत असणार त्याचं रोज."

मावशी रडली नाही. तिची रडायची छाती झाली नाही. तिने एवढंच म्हटलं, "मला काय करायचं ते करा."

"काय करू तुम्हाला?" ते म्हणाले. "मला खरा शेवट सांगा. एकदा ऐकायचाय."

यंत्रवाले जेवायला गेले होते. मावशीने स्वतःच दिवे घालवले, तारे लावले आणि मेजाशी जाऊन बसली. माइक लावला नाही. त्या घुमटात माइकची गरज नव्हती. तिने सांगितलं की दूरच्या दीर्घिका आपल्यापासून इतक्या वेगाने दुरावतील की एका वेळेनंतर त्यांच्याकडून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत कधीच येणार नाही. त्या विझतील असं नाही. त्यांच्यात तारे असतील, जळत असतील. फक्त इथून दिसणार नाहीत.

"मग त्या आहेत म्हणायचं की गेल्या म्हणायचं?" पलीकडून प्रश्न आला, अगदी कानाशी.

मावशीने उठून दिवे लावले. पुढे संचालकांनाही तिने तो प्रश्न विचारला. ते म्हणाले, "बाई, हा आमच्या विषयाबाहेरचा आहे." मग तिचा चेहरा बघून म्हणाले, "तुमचा काय दोष? तेव्हा आमच्यापैकी अर्ध्या लोकांना तसंच वाटत होतं." मावशी म्हणाली, "वाटत होतं. म्हणूनच तुम्ही तो शब्द लिहिला होतात." संचालकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. ते तिला रागावले नाहीत, आणि त्याचंच तिला जास्त लागलं.

चष्मेवाल्यांनी दुकान पुन्हा उघडलं. रविवारी यायचे ते मात्र बंद झाले. मावशीचा नंबर बदलला की ती त्यांच्याकडेच जायची. दुसरीकडे जाणं तिला पळून जाण्यासारखं वाटे. दोघं कामापुरतं बोलत. ते भिंग सरकवत आणि विचारत, "हे स्पष्ट की हे?" आणि मावशी पहिलं की दुसरं एवढंच सांगायची. पुढे त्यांचे हात कापायला लागले, दुकान गेलं, आणि मेहुण्याने त्यांना आपल्याकडे नेलं. निघताना ते तिला भेटायला आले नाहीत. ती वाट बघत होती.

नोकरीच्या उरलेल्या वर्षांत मावशीने मजकुरातला एक शब्द कमीजास्त केला नाही. लोक म्हणायचे, बाईंची जादू गेली. ती गेली होती हे खरंच. निवृत्तीच्या दिवशी मी तिला आणायला गेले. ती मेजावरचं सामान पिशवीत भरत होती आणि मी दाराजवळच्या खुर्चीत टेकले. एवढ्यात माझ्या कानाशी कुणीतरी श्वास घेतला. खोल, थकलेला, बोलण्याआधी घेतात तसा. मी दचकून उठले. शेजारी कुणी नव्हतं. पलीकडच्या कडेला, खूप लांब, मावशी माझ्याकडे पाठ करून उभी होती. ती न वळताच म्हणाली, "तुलाही आलं ना ऐकू?" मी म्हटलं, "तुझाच श्वास तो, मावशी. घुमटामुळे." "हो," ती म्हणाली. "मीही स्वतःला तेच सांगते."

गेल्या वर्षी माझी मुलगी शिकायला दूरच्या शहरात गेली. निघताना सगळे भरून आलेले. मुलीने मावशीच्या गळ्यात हात टाकले आणि लाडाने म्हणाली, "मावशीआजी, म्हण ना, लवकर परत येशील म्हणून."

मावशीचा चेहरा एकदम कोरा झाला. आई मध्ये पडून काहीतरी बोलणार, तोच ती म्हणाली, "ते मला ठाऊक नाही बाळा. तू रोज फोन कर. नाही आला तर मी येईन."

आम्ही हसलो. मुलीने दोनेक महिने रोज फोन केला. मग एकदा दोन दिवस आला नाही. मी म्हटलं, परीक्षा असेल, पोरीबाळींचं असंच असतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी माडीवर नव्हती. तिची पिशवी नव्हती, चपला नव्हत्या. ऐंशीला टेकलेली बाई, गुडघे धरलेले, कुणाला न सांगता एसटी स्टँडवर गेली आणि दोन गाड्या बदलून मुलीच्या हॉस्टेलवर पोचली. तिथून मुलीनेच फोन केला. "आई, मला नुसता ताप होता गं. मोबाइल पाण्यात पडला होता. पण मावशीआजी दारात उभी राहिली ना, तेव्हा मला रडूच आलं."

मी दुसऱ्या दिवशी त्यांना आणायला गेले. मुलीचा ताप उतरला होता. मावशी तिच्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपली होती, भर दुपारी, खिडकीतून ऊन आत येत असताना.

मुलगी मला दाराबाहेर घेऊन गेली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "मावशीआजी झोपेत बोलते, तुला माहीत आहे? वेगळ्याच आवाजात. मोठ्या."

"काय बोलते?"

"कुणाला तरी म्हणते, थांबा. उठू नका. अजून संपलेलं नाही. आणि मग गप्प होते, समोरचा काही बोलतोय तसं ऐकते."